वेत्रवतीचा बोरू

एका राज्यात अक्षर टिकत नसे. लिहिणारा लिहून हात बाजूला घेई, शाई वाळू लागे, आणि वाळता वाळता अक्षरांना पंख फुटत. काळ्या पाकोळ्या होऊन ती पानावरून उठत, खिडकीबाहेर जात, आणि पान कोरे राही. न्यायाधीश निवाडा लिही, तो दिवस मावळायच्या आत उडून जाई, आणि तेच दोन भाऊ त्याच बांधावर पुन्हा काठ्या घेऊन उभे राहत. वैद्यांच्या पोथ्या कोऱ्या झाल्या. औषधाच्या मात्रा आठवणीने देता देता माणसे दगावली. मेलेल्यांची नावे आधी दगडांवरून उठून गेली, मग हळूहळू जिवंतांच्या मनातूनही.

हे कशाने झाले ते सर्वांना ठाऊक होते, पण बोलत कोणी नसे. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या राज्यात दुष्काळ पडला होता. राजा पुरंजयाने सैन्यासाठी म्हणून धान्याची कोठारे बंद ठेवली. दुष्काळ सरल्यावर त्याने नगराच्या वेशीत एक शिळा उभी केली आणि तिच्यावर कोरून घेतले, की पुरंजयाच्या राज्यात अन्नावाचून एकही जीव गेला नाही. तेव्हा धूम्रा नावाची एक बाई दरबारात आली. ती मांत्रिकांच्या घराण्यातली, पण लग्नानंतर मंत्र सोडून संसाराला लागलेली. तिची दोन मुले त्या दुष्काळात गेली होती. त्यांची नावे शिळेच्या खाली कोरावीत, एवढेच तिचे मागणे होते.

राजा म्हणाला, "जे मेलेच नाहीत, त्यांची नावे कशी कोरायची?"

धूम्रा म्हणाली, "मग तुझ्या राज्यात कोणतेच नाव राहणार नाही. त्या दुष्काळात जसे झाले तसे कोणी लिहील, त्या दिवशी अक्षर थांबेल."

ती रानात निघून गेली, आणि तिच्या पाठोपाठ शिळेवरची अक्षरेही भुर्रकन उडाली.

वर्षे लोटली. राजा थकला. युवराजाला गादीवर बसवायचे, तर अभिषेकपत्र टिकेना. दरबारी पंडितांनी दुष्काळावर ग्रंथ लिहून पाहिले. त्यांत करुणरस होता, अलंकार होते. सगळे उडून गेले. शेवटी राजाने वेत्रवतीला बोलावणे धाडले.

वेत्रवती कथा लिहीत असे. सोन्याची नगरे, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या राण्या, घोड्यांशी बोलणारे राजपुत्र, असल्या तिच्या कथा. शाई ओली असेपर्यंत ती चौकात वाचून दाखवी, मग कथा उडून जाई आणि ती नवी लिहायला घेई. उडून जाणार हे ठाऊक असल्यामुळे तिला लिहायची कधी भीती वाटली नव्हती. तिला एकच माणूस होते, थोरला भाऊ देवरात. तो घोडदळासाठी खोगिरे शिवी. दुष्काळात आईवडील गेले, तेव्हा वेत्रवती लहान होती आणि तो नुकती मिसरूड फुटलेला. त्यानेच तिला वाढवले. चामडे कमावून फाटलेल्या हातांनी तिच्या वेण्या घातल्या, तिला पहिली शाई आणून दिली. गावात मायेचा दाखला द्यायचा झाला, तर लोक देवराताचे नाव घेत. आजारी आईला पाठीवर आणि बहिणीला खांद्यावर घेऊन तो नगराकडे निघाला होता, आणि वाटेत आईने त्याच्या मांडीवर शांतपणे डोळे मिटले, हे सर्वांनी ऐकलेले होते.

राजाने वेत्रवतीला सांगितले, की टिकेल असा ग्रंथ लिही, तुला राजसभेत आसन देईन. आसनाचे तिला फारसे काही वाटले नाही. पण आपले एक तरी पान आपल्यामागे राहावे, ही हाव तिच्या मनात त्या क्षणी उठली, आणि मग ती बसेना. घरी येऊन तिने देवराताला सांगितले. तो हसला, म्हणाला, तू लिहिशील. धूम्रेलाच उपाय विचारायला ती रानात निघाली, तेव्हा त्याने तिला दशम्या बांधून दिल्या.

रानात धूम्रा एका वठलेल्या वडाखाली बसली होती. तिच्या खांद्यावर धनेश पक्षी होता, मोठ्या पिवळ्या चोचीचा, आणि तो माणसासारखा बोलत असे. धूम्रेने वेत्रवतीला बसही म्हटले नाही. तिने तीन कामे सांगितली. पहिले, ओस पडलेल्या गावातल्या बारवेतून शाई आणायची. दुसरे, आटलेल्या तळ्याच्या वेतवनातून बोरू आणायचा. "आणि तिसरे?" वेत्रवतीने विचारले.

"तिसरे तू करणार नाहीस," धूम्रा म्हणाली. "आजवर कोणी केले नाही."

बारव खोल होती आणि तळाशी काळे पाणी चमकत होते. तिच्याबरोबर आलेला धनेश काठावर बसून म्हणाला, "उतर. दिसेल ते नुसते पाहा." वेत्रवती उतरू लागली. पायऱ्यांवर शेवाळ होते. तिच्या मनात आले, हा पाचूचा गालिचा. त्यासरशी पाणी एक पायरी खाली गेले. कोनाड्यात सापाची कात लोंबत होती. तिच्या मनात आले, ही चांदीची साखळी. पाणी आणखी खाली गेले. ती उतरत राहिली, उपमा सुचत राहिल्या, पाणी पळत राहिले. आयुष्यभर हीच तिची कला होती, आणि इथे ती तिच्या पायांत येत होती. शेवटी ती थकून पायरीवर बसली. डोके ठणकत होते. समोर कोपऱ्यात मातीचे एक खेळण्यातले गाडे पडले होते, एका बाजूचे चाक नसलेले. तिने ते पाहिले. ते कशासारखेच नव्हते. ते एका मुलाचे गाडे होते, त्याचे चाक हरवले होते, आणि त्या मुलाने ते इथेच कुठेतरी शोधले असणार. ती तेवढेच पाहत बसली. तळव्यांना गार लागले, तेव्हा तिला कळले की पाणी वर आले आहे. तिने दौत भरून घेतली.

वेतवनात वारा सुटला, की एकेक वेत एकेका माणसाच्या आवाजात बोलत असे. दुष्काळात जी माणसे त्या वाटेने गेली, त्यांचे आवाज तिथे रुजले होते. धनेश म्हणाला, "जो तुझ्याने ऐकवणार नाही, तो काप." एका वेतातून एक तरुण मुलगी अंगाई म्हणत होती. वेत्रवतीला भरून आले. तिने तो कापला, आणि तो तिच्या हातात भुसा झाला. पुढच्या वेतात एक म्हातारा असा रडत होता, की दगडालाही पाझर फुटावा. तिने तो कापला. तोही भुसा झाला.

"का?" तिने विचारले.

"तुला ते रडणे आवडले," धनेश म्हणाला.

मग ती चिखल तुडवत आत शिरली. कडेला वाढलेल्या एका बारक्या, वाकड्या वेतापाशी तिचे पाय थबकले. आवाज तिच्या आईचा होता. "देवराता, मला इथे टाकून जाऊ नकोस रे. घोटभर पाणी दे." पुन्हा तेच. पुन्हा तेच. वेत्रवतीने कानांवर हात घेतले. हा आवाज तिला नवा नव्हता. भावाच्या खांद्यावर डोळे मिटून पडलेली असताना तिने तो ऐकला होता. आणि त्यानंतर जी जी सोन्याची नगरे तिने उभारली, ती हा आवाज झाकायलाच उभारली होती. तिने कोयता चालवला. या वेताचा भुसा झाला नाही. तो तिच्या मुठीत जड आणि थंड राहिला.

तिसरे काम लिहिण्याचे होते, आणि ते घरी बसून करायचे होते. धनेश खिडकीत येऊन बसला. वेत्रवतीने बोरू तासला आणि लिहायला घेतले.

आधी तिने गाव सांगे तेच लिहिले, मुलाच्या मांडीवर आईने डोळे मिटले. नावे बदलली, देश दूरचा घेतला, खोगीर शिवणाऱ्याचा कुंभार केला. शाई वाळायच्या आत अक्षरे उठून गेली. मग ती चिडली. तिने एका निर्दय मुलाची कथा लिहिली, ज्याने आईला ओझ्यासारखे फेकून दिले आणि मागे वळून पाहिले नाही. ती लिहिताना तिचा हात भरभर चालला, आणि आपण फार धीट झालो असे तिला वाटले. अक्षरे दुपारपर्यंत राहिली, मग तीही गेली.

"आता तर खरे लिहिले होते," ती म्हणाली.

"तू शिक्षा लिहिलीस," धनेश म्हणाला.

तेव्हा वेत्रवती उठून भावाकडे गेली. तो ओसरीवर खोगिराला टाके घालत होता. आपण काय लिहीत आहोत ते तिने त्याला सांगितले. त्याची सुई थांबली.

"नको लिहू," तो म्हणाला.

"दादा, लोक औषधावाचून मरताहेत. निवाडा टिकत नाही. अक्षर थांबायला हवं."

"त्यासाठीच लिहितेस?"

तिला हो म्हणता आले नाही. तो तिला लहानपणापासून ओळखत होता. त्याने सुई पुन्हा चालवली आणि म्हणाला, "पाणी एकापुरतंच होतं. ते तू प्यायलीस. लिहिणारच असशील तर तेही लिही."

तिने तेही लिहिले. नावे खोटी होती, देश खोटा होता, कुंभार खोटा होता, पण या वेळी तिने काहीच टाळले नाही. त्या मुलाचे गुडघे कसे थरथरत होते, ते लिहिले. आईला त्याने सावली शोधून ठेवले, डोक्याखाली आपला फेटा दिला, आणि तिने त्याचे मनगट धरले तेव्हा एकेक बोट सोडवून घेतले, ते लिहिले. पुढे जाऊन तो परतला, पुन्हा निघाला, पुन्हा परतला, आणि शेवटी कानांत चिंध्या कोंबून चालू लागला, ते लिहिले. लहान मुलगी पाणी कशी मिटक्या मारीत प्यायली, ते लिहिले. कोठारांची दारे आणि त्यांवरचे पहारेही आपोआप पानावर आले, कारण ती वाट त्यांच्या समोरूनच जात होती. लिहिताना ती रडली नाही. एका वाक्यासाठी तिने अर्धा दिवस घालवला, कारण "सोडवून घेतले" लिहावे की "सोडवले" हे तिला ठरवता येईना. आईच्या बोटांपाशी आपण शब्दांची घासाघीस करतो आहोत, हे तिच्या ध्यानात आले. आणि तरी ती करीत राहिली.

शाई वाळली. अक्षरे हलली नाहीत.

धनेश म्हणाला, "झाले." आणि तो रानाकडे उडाला.

ग्रंथ राजसभेत वाचला गेला. वेत्रवतीने स्वतः वाचला. ती वाचत असतानाच आभाळ काळे झाले, कारण राज्यभरातून पाकोळ्या परतत होत्या. त्या दारा-खिडक्यांतून शिरल्या आणि आपापल्या जागी बसल्या. वैद्यांच्या पोथ्या भरल्या, निवाडे भरले, समाधींवरची नावे परत आली, आणि सभेतले म्हातारे मध्येच विसरलेल्या भावंडांना हाका मारू लागले. वेशीतल्या शिळेवर मात्र राजाची जुनी ओळ परतली नाही. तिथे दोन मुलांची नावे उमटली, चंपा आणि गोरख. राजा पुरंजयाने मान खाली घातली. मग त्याने ती शिळा तशीच राहू द्यावी अशी आज्ञा केली. रानात धूम्रेच्या अंगातले मंत्र उतरले. ती साधी बाई होऊन वेशीत आली, दोन्ही नावांवरून हात फिरवला आणि आपल्या गावी गेली.

देवरात सभेत मागे उभा होता. ग्रंथात कुंभार होता, नाव दुसरे होते, तरी वाचन संपण्याआधीच लोकांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. त्याच्या शेजारची माणसे थोडी सरकली. राजाने मोठ्या मनाने जाहीर केले, की त्या काळी जे घडले त्याबद्दल या माणसाला क्षमा आहे. ज्याने कोठारे बंद ठेवली होती तोच क्षमा करीत होता, आणि सभेने मान डोलावली.

वेत्रवती घरी आली तेव्हा देवरात आपली हत्यारे गाठोड्यात बांधत होता. दुसऱ्या राज्यात खोगिरांना मागणी असते, एवढेच तो म्हणाला. तिने त्याला थांब म्हटले. माझ्यासाठी थांब, असेही म्हटले. तो गाठ आवळत राहिला.

मग त्याने विचारले, "बोटांचं तुला कसं कळलं?"

"मी खांद्यावर होते, दादा."

"तू झोपली होतीस."

"नाही."

तो खाली बसला. त्याचा चेहरा क्षणात म्हातारा झाला. "पोर झोपलेली होती," तो म्हणाला, "त्या एका गोष्टीवर मी आजवर जगलो."

तो उठला, गाठोडे खांद्यावर घेतले, उंबऱ्यापाशी सवयीने मान वाकवली आणि बाहेर पडला. ती दारात उभी राहिली. तो वळून पाहील असे तिला वाटले. तो वळला नाही.

राज्याची घडी बसली. युवराज गादीवर आला आणि त्याचे अभिषेकपत्र टिकले. बांधांवरचे तंटे मिटले, औषधे लागू पडू लागली, मुले अक्षरे गिरवू लागली. वेत्रवतीला राजसभेत आसन मिळाले, आणि तिचा ग्रंथ त्या राज्यात अजून वाचला जातो.

पण त्या दिवशी ती दारात उभी होती, भाऊ वाटेने लहान होत चालला होता आणि तिचा ऊर फुटत होता, तेव्हा तिने पाहिले, की गाठोडे उजव्या खांद्यावर असूनही तो डावा खांदा उचलून चालतो आहे, जणू तिथे कोणी बसले आहे. आणि रडू फुटायच्या आधी तिच्या मनात आले, की हे कुठेतरी वापरता येईल.