पेनल्टीकडे पाठ

"पण अप्पाजी, मला राग येतच नाही. त्याला मी काय करू?"

चन्नवीरने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं. ती तक्रार नव्हती, हे मठाच्या पायरीवर झोपलेल्या मांजरालाही कळलं असतं.

मठाचे स्वामी अप्पाजी शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आनंद?"

"तोही नाही. परवा बहिणीला मुलगी झाल्याचा निरोप आला. ऐकला, आणि परत पूजेला बसलो."

"वा..." अप्पाजी म्हणाले, आणि एक दाणा तोंडात टाकला.

चन्नवीर वाट बघत राहिला. नदीपलीकडच्या गावातला शाखामठ स्वामींविना बंद पडला होता. तिथले पंच दोनदा येऊन गेले होते. आपलं नाव अप्पाजींच्या ओठांवर आहे, फक्त बाहेर पडायचं राहिलंय, असं त्याला वाटत होतं.

"दुपारी काय करणार आहेस?"

"ध्यान."

"म्हणजे रिकामाच आहेस. चल मॅचला."

चन्नवीरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण अप्पाजी शाल झटकून उठलेही होते.

हायस्कूलच्या मैदानावर ब गटातली फुटबॉल मॅच होती. कासार गल्ली विरुद्ध शनिवार वेस. कासार गल्ली गटात तळाला होती, आणि तिथून वर यायची तिला काही घाई दिसत नव्हती. गर्दी अशी नव्हतीच. जे आले होते ते आपापल्या गल्लीसाठी आले होते.

दगडी पायऱ्यांवर दोन म्हातारे थोडं अंतर ठेवून बसले होते. एक तवनाप्पा मगदूम, चपलांचे दुकानदार. दुसरे राजेखान मुल्ला, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. दोघंही कासार गल्लीचे.

"शरणु अप्पाजी!" दोघंही उठले.

अप्पाजींनी चन्नवीरला बरोबर दोघांच्या मधे बसवलं, आणि स्वतः वरच्या पायरीवर जाऊन बसले.

पहिला अर्धा तास तवनाप्पा आपल्याच पोरांना शिव्या घालत होते. "अरे, पास दे! पास! बॉल काय सासऱ्यानं दिलाय काय हुंड्यात?"

राजेखान हसत होते. नुसते हसत होते.

मग शनिवार वेसच्या एका पोराने लांबून फटका मारला, आणि बॉल वळत वळत कासार गल्लीच्या जाळीत जाऊन बसला.

तवनाप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "संपलं! बुडाली गल्ली!"

"काय गोल बसवला, राव!" राजेखान टाळ्या वाजवत उभे राहिले. "आपल्यावर बसला म्हणून काय झालं? देखणा तो देखणाच!"

"तू कुणाकडनं हैस रे?"

"तुझ्याकडनंच की!"

चन्नवीर मनात सुखावला. त्याने मागे वळून हळूच म्हटलं, "कळलं, अप्पाजी. बॉल एकच. त्यानं एक रडतो, एक हसतो. दोघंही बांधलेले."

"आणि तू?"

"मी नुसता बघतोय."

"हं... भडंग घे."

मॅच संपत आली तेव्हा कासार गल्लीला पेनल्टी मिळाली.

एक लुकडा पोरगा बॉल ठेवायला पुढे गेला. त्याने तो ठेवला, उचलला, पुसला, परत ठेवला.

तवनाप्पा उठले आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

"स्वामी, मला नाही बघवत. माझ्या वतीनं तुम्ही बघा. काय झालं ते तेवढं सांगा."

"मी?"

"तुमचं मन घट्ट हाय. तुम्हीच सांगा."

त्यांनी चन्नवीरचं मनगट धरलं. हात घामाने ओला होता, आणि पकड चिमट्यासारखी.

चन्नवीर बघू लागला.

त्या पोराच्या एका बुटाची नाडी सुटलेली त्याला दिसली. गोलकीपरने हात पसरलेले दिसले. मनगटातली नाडी उडत होती. ती म्हाताऱ्याची की आपली, ते त्याला कळेना. शिट्टी वाजली. पोरगा धावला.

"अरे, खालून मार! खालून!"

कोण ओरडलं म्हणून चन्नवीरने इकडेतिकडे बघितलं. तो स्वतःच उभा होता.

बॉल गोलकीपरच्या वरून, खांबाच्या वरून, कुंपणाच्याही वरून गेला आणि पलीकडच्या कडुनिंबात अडकला.

"स्वामी... सांगा की."

चन्नवीरने तोंड उघडलं. 'बाहेर गेला,' एवढंच म्हणायचं होतं. साधे दोन शब्द. जगात रोज काही ना काही बाहेर जातंच.

त्याला ते म्हणता आलं नाही. विभूती लावलेल्या कपाळावरून घाम ओघळला, आणि डोळ्यांत जे आलं तो घाम नव्हता.

तवनाप्पा वळले. त्यांनी मैदानाकडे बघितलंच नाही. चन्नवीरच्या तोंडाकडे बघितलं, आणि मनगट सोडून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे, स्वामी. असू दे. होतं असं. पयल्यांदाच आलाय न्हवं तुम्ही?"

"झाडावर गेला, झाडावर!" राजेखान पोट धरून हसत होते. "अरे, शिडी आणा कुणीतरी!"

तवनाप्पाही डोळे पुसता पुसता हसू लागले. आणि चन्नवीरला हसू आवरेना, तोही हसला. भडंगाचा ठसका लागला, तरी हसत राहिला.

परतताना ओढ्याजवळ चन्नवीरने विषय काढला.

"अप्पाजी, शाखामठासाठी दुसरा कुणीतरी बघा. माझं मन हललं."

"हो, दिसलं मला. सोमवारी जा आणि मठ उघड."

चन्नवीर जागीच थांबला. अप्पाजी चालतच राहिले, तसा तो धावत त्यांच्याजवळ पोचला.

"पण... एक सांगा. त्या दोघांतला बरोबर कोण? रडणारा, की हसणारा?"

अप्पाजींनी शाल सावरली.

"पुढच्या रविवारी त्यांनाच विचारू की. दोघंही येणार आहेत."