मानाचा सोफा

शर्वीच्या दुसरीच्या वर्गाची सहल विद्यापीठात जाणार म्हटल्यावर माझी झोपच उडाली. प्रयोगशाळेत ॲसिड सांडलं तर? शेवटी सोबत जाणाऱ्या पालकांत मीही नाव दिलं.

ॲसिड दूरच राहिलं. आधी सभागृहात कुलसचिव डॉ. बोंद्रे यांचा सत्कार झाला, मग त्यांचं सुरक्षेवर लांबलचक भाषण. ते संपवून सर मानाच्या सोफ्यात रुतले. सोफा नेमका आपत्कालीन दाराला टेकवलेला.

मी हात वर केला. "सर, सोफा जरा सरकवता येईल का? मागे दार आहे."

"अहो मॅडम, आयांना उगाच धास्ती! आग लागलीच तर मी उठेन की लगेच." सगळे हसले.

"तेवढं एकदा उठून दाखवाल का? पाहुणे उठल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, असं बाईंनी मुलांना सकाळीच बजावलंय. पळायचं कधी, ते त्यांना कळायला हवं ना!"

सर उठायला गेले. खांद्यावर शाल, हातात पुष्पगुच्छ, मांडीवर नारळ. नारळ घरंगळत गेला, सर मात्र तिथेच. दोन शिपायांनी धरून उठवलं, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"हलवा रे तो सोफा!" सर गरजले.

आयुष्यात पहिल्यांदाच मला वेळेवर उत्तर सुचलं होतं. कौतुकाच्या आशेने मी शर्वीकडे पाहिलं. तिने माझी ओढणी खेचली.

"आई, त्यांनी सोफा बाथरूमच्या दारासमोर ठेवलाय. आणि मला आत्ताच जायचंय."