अनोळखी पानावरची ओळ

मेळघाटातल्या एका गावात मोतीराम सावलकर नावाचे एक निवृत्त गुरुजी होते. कोरकू शब्दांचा कोश करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. रानातल्या गवतांची आणि झाडांची नावं त्यांना म्हाताऱ्या सोनाजीनं सांगितली. गेल्या वर्षी सोनाजी वारला. आता ती नावं फक्त गुरुजींच्या कॉम्प्युटरवर होती.

कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं. ते घालून देणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी रजनी बजावून गेली होती, की लागेल ते सॉफ्टवेअर लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्या, तिथलं तपासलेलं असतं. पण लिनक्सला व्हायरस लागतच नाही, असंही गुरुजींनी कुठेतरी ऐकलं होतं. डोक्यात पक्कं बसलं ते तेवढंच.

कोशाची पानं मांडायचं सॉफ्टवेअर भांडारात होतं, पण जुनं. नवं एका अनोळखी वेबसाइटवर दिसलं. 'ही ओळ जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चिकटवा,' असं तिथे लिहिलं होतं. गुरुजींनी आज्ञा लिहायची ती काळी खिडकी उघडून ओळ चिकटवली. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. यंत्र किती सावध आहे, म्हणून गुरुजींना उलट बरंच वाटलं. त्यांनी पासवर्ड दिला आणि पानं सुरेख दिसू लागली.

तिसऱ्या दिवशी एकही फाइल उघडेना. गुरुजी चक्रावले. कॉम्प्युटरला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही, मग झालं तरी काय? त्यांनी आधी विजेला दोष दिला, मग उंदरांना, शेवटी धूळ पुसणाऱ्या बायकोला. बायकोनं फडकं त्यांच्याच हातात दिलं आणि रजनीला फोन केला.

रजनीनं येऊन ती ओळ शोधून काढली. त्या ओळीमुळे एक घातकी प्रोग्राम आत शिरला होता आणि त्यानं सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या.

"अगं, पण पासवर्ड होता ना?" गुरुजींना काही उमजेना.

"तो दिला कोणी?"

"मीच. कॉम्प्युटरनं मागितला म्हणून."

"परक्याला सगळी मोकळीक देऊ का, असं कॉम्प्युटर विचारत होता, गुरुजी. तुम्ही हो म्हणालात."

रजनीनं पुष्कळ खटपट केली. हाती लागली ती एक जुनी प्रत, सोनाजी भेटण्याआधीची. गुरुजी कोरा कागद घेऊन बसले. चार गवतांची नावं आठवली, पाचव्याचं काही केल्या आठवेना. सोनाजीला विचारून येतो, असं म्हणत ते सवयीनं उठले आणि दारातच थांबले.

तात्पर्य: यंत्र फक्त परवानगी विचारतं, समोरचा कोण हे ओळखायचं काम आपलंच असतं, म्हणून अधिकृत भांडाराबाहेरचं सॉफ्टवेअर कोणाचं आहे हे कळल्याशिवाय त्याला आत घेऊ नये.