नटव्या काचेचं शेवाळ

काचा बोलायच्या तेव्हाची गोष्ट. कुमुदताईंच्या माशांच्या टाकीची काच भारी नटवी होती. तळाशी बदामाचं सुकं पान कुजताना बघून ती ओरडली, "ताई, ती घाण काढा! माझी सगळी शोभा जातेय!"

ताईंनी पाण्यात हात घातला, तर अंगठ्याएवढी पिवळी मासोळी बोटालाच चावली. "पानाला हात लावायचा नाही! दोन दिवस थांबा!"

तिसऱ्या दिवशी ताई किंचाळल्याच, "अगं बाई, पिल्लं!" टाचणीच्या डोक्याएवढी पन्नासेक पिल्लं पानावरचा बुळबुळीत थर मिटक्या मारत खात होती. काच बघतच राहिली.

रविवारी काच पुसायला ताईंनी स्पंज उचलला.

"थांबा, थांबा!" काच ओरडली. "कोपऱ्यात शेवाळ धरलंय. पिल्लं आत्ता कुठे माझ्याकडे यायला लागलीत!"