सोनबाचा कोंबडी-पावटा

नदीकाठच्या एका गावात सोनबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. त्याला गावात कुणी वाईट म्हणत नसे. शहाणा तर कुणीच म्हणत नसे. बायको हौसानं एकदा सांगितलं, "जरा दुधाकडं बघा हं." सोनबा बघत राहिला. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. सोनबानं शेवटच्या थेंबापर्यंत बघितलं. हौसा पिशवी भरून माहेरी गेली.

महिन्यानं सासऱ्यांचा, शिदूआबांचा, निरोप आला. 'शुक्रवारी हौसाला घेऊन येतो. डॉक्टरांनी माझा तेल-मसाला बंद केलाय, तेव्हा कोंबडी-पावटा हलका करा आणि झटपट वाढा. जमलं तर पोर तिथं राहील. नाही तर कायमची माझ्याकडं.'

सोनबाला घास गोड लागेना. हौसावर त्याचा फार जीव.

सोमवारी त्यानं वाळके पावटे आणले आणि थेट चुलीवर चढवले. संध्याकाळी शेजारच्या ठकूआत्यानं एक दाणा चावला आणि गाल धरला.

"मेल्या, आणले की पाण्यात घालायचे! रात्रभर भिजू द्यायचे. मग बघ कसे पटकन शिजतात."

"आता तसंच करीन, आत्या."

मंगळवारी मीठ आणलं. घागरीत टाकून रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी बघतो तो मीठ गायब! मिठाचा चोर शोधत सोनबानं अख्खी गल्ली पालथी घातली.

आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे, मीठ बरणीत भरायचं असतं! वर घट्ट झाकण लावायचं."

"आता तसंच करीन, आत्या."

बुधवारी कोंबडी आणली. मोठी बरणी घेतली. कोंबडी आधी शेपटीकडून घालून पाहिली, मग चोचीकडून. झाकण काही बसेना. शेवटी बरणी फुटली, कोंबडी कौलांवर आणि तिच्यामागं सोनबाही कौलांवर. खाली निम्म्या गावाची हसून मुरकुंडी वळली.

आत्यानं आपलं बांबूचं मोठं डालगं आणून आदळलं. "ह्याच्याखाली झाकायची! वर दगड ठेवायचा, फटीतून दाणे टाकायचे. मोकळी सोडलीस तर पळणारच ती!"

"आता तसंच करीन, आत्या."

शुक्रवारी आत्यानं सोनबाला अंगणात बसवलं आणि स्वतःच पदर खोचला. चमचाभर तेल, आलं-लसूण, भिजलेले पावटे, कोंबडीचे तुकडे. अर्ध्या तासात रस्सा तयार. शिदूआबांनी तीन वाट्या ओरपल्या.

"वा, जावईबापू! तेलाचा तवंग नाही, जळजळ नाही, आणि चव अशी! हौसा, राहा गं इथंच."

हौसा लाजली. सोनबाकडं बघून चक्क हसली. सोनबाला आभाळ ठेंगणं झालं.

आबा हात धुवायला परसात गेले. आत्या तांब्या घेऊन त्यांच्यामागं. परत येतात तो हौसा दिसेना.

"जावईबापू, पोर कुठं गेली?"

"जातीय कुठं!" सोनबानं छाती फुगवून कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं डालगं. डालग्यावर मसाला वाटायचा पाटा. खालून लुगड्याचा काठ बाहेर आलेला.

"मागच्या खेपेला मोकळी सोडली, म्हणून पळाली," सोनबा म्हणाला. "आता पळून दाखव म्हणावं!"

"आबाऽऽ! माझी पिशवी घ्या!" डालगं गरजलं.

"असं गं काय करतेस?" सोनबाचा जीव कळवळला. त्यानं फटीतून मूठभर जोंधळे आत टाकले. "आधी खाऊन तर घे!"