साळू वैदिणीचा खरा शब्द

फार फार मागची गोष्ट. मोरदऱ्याच्या डोंगरावर तेव्हा गुरांचीही वाट पडली नव्हती. त्या डोंगराच्या पायथ्याशी साळू वैदीण राहायची. कड्यावरची जागवेल ती तोडून आणायची आणि सावलीत सुकवायची. कुणी आजारी पडलं की सुकलेलं पान तळहातावर घेऊन त्या माणसाशी बोलायची. मंत्र नाही, तंत्र नाही, साधं बोलणं. शब्द मनापासून निघाला की ते वाळलेलं पान तिच्या हातावर पुन्हा हिरवं व्हायचं. मग ते वाटून पाजलं की माणूस उठून बसायचा, असं म्हणतात.

एकदा तिच्या नवऱ्याला, कोंडूला, रानात साप चावला. जागवेलीपुढे सगळे ताप हरत, पण सापाचं विष उतरत नसे. त्यावर इलाज करणारा मांत्रिक पल्याडच्या गावात होता. साळू धावत बहिर्जी पाटलाकडे गेली. गाडी होती, बैल दावणीला उभे होते. पाटलानं गाडी दिली नाही. कोंडूला खांद्यावर नेता नेता वाटेतच त्याचा जीव गेला.

पुढे गावात तापाची साथ आली. साळूनं घराघरात जाऊन माणसं उठवली. शेवटी पाटलीण तिच्या दारात आली.

"साळू, त्यांनी डोळे फिरवलेत गं. कुठल्या तोंडानं बोलावू तुला?"

साळूनं उरलेली दोन पानं घेतली आणि ती निघाली.

पाटलाच्या उशाशी बसून ती म्हणाली, "पाटील, बरे व्हा." तळहातावरचं पान काळं पडलं. दुसरं घेतलं, तेही काळं पडलं. दारात जमलेली माणसं घाबरली.

साळू म्हणाली, "पान खोटं न्हाई. माझा शब्द खोटा हाय."

पण ती उठून गेली नाही. पाटलाकडे बघून म्हणाली, "तुमच्यापायी माझा धनी गेला. तुम्ही बरं व्हावं असं माझ्या मनात न्हाई."

पाटलाचे ओठ हलले. "गाडी होती, साळू. बैल होते. मीच दिली न्हाई."

पानं संपली होती. साळू उठली आणि भर पावसात कड्याकडे निघाली. लोक आडवे आले. "त्याच्यासाठी जीव घालवतेस?"

"मी वैदीण हाय. सरा बाजूला."

निसरड्या कड्यावर वेलीनं स्वतःच खाली लोंबून तिला हात दिला, असं म्हणतात. ती परत आली तेव्हा गुडघे फुटले होते. तिनं एक पान चुलीच्या धगीवर सुकवलं, तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "पाटील, मी तुम्हाला माफ केलं न्हाई. पण मी तुम्हाला मरू देणार न्हाई."

पान हिरवं झालं. इतकं हिरवं, की अंधाऱ्या खोलीत त्याचा उजेड पडला, असं म्हणतात. पाटील जगला.

साळू म्हातारी होऊन एक दिवस डोंगर चढून गेली, ती खाली आलीच नाही. तिच्या पावलांची वाट मात्र तेव्हापासून पडली, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना जागवेल उगवते.

मोरदऱ्यात आजही आजाऱ्याला औषध देताना कुणी उगाच गोड बोलत नाही. साळूचं नाव घेऊन मनात असेल तेच सांगायचं. एखादी सून सासूच्या तोंडाशी काढा धरते आणि म्हणते, "आत्याबाई, आपलं पटत न्हाई. पण तुम्ही उठेपर्यंत मी हितनं हलणार न्हाई."

आणि सासू मुकाट्यानं काढा पिते.