इनामदारांचा आग्रह

निंबाजीतात्यांच्या पायाची जखम काही भरत नव्हती. गोड सुटलं नाही, तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गावजेवणाला इनामदार स्वतःच जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीत फिरत होते.

"घ्या तात्या!"

"नको सरकार, साखरेचा आजार आहे."

इनामदारांचा आवाज चढला. "पाहुणा म्हणजे आमचा देव. आमच्या दारातून देव गोडावाचून गेलेला नाही!"

सारी पंगत हात थांबवून बघू लागली. तात्यांनी सावकाश हात जोडले.

"देवच म्हणता, तर देवासारखंच करा सरकार. नैवेद्य दाखवा, मी प्रसन्न होतो. मग प्रसाद पंगतीत वाटा."

इनामदारांनी ताट तात्यांपुढे ठेवून त्याभोवती पाणी फिरवलं. मग त्यांनाच हसू फुटलं.

"चला मंडळी, प्रसाद घ्या. देव जेवले!"